साडेदहाचं सफरचंद

"सुरी नाही फिरवायची, बाबा. सफरचंद फिरवा. अंगठा आत घ्या, आत. हां, असं."

गुरुजींनी सफरचंद फिरवलं. साल वळत वळत ओट्यावर उतरली. ताई शेजारी हात मागे बांधून उभी होती. मदत करायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"मधला भाग काढायचा?"

"काढायचा. बिया एकही राहता कामा नये. मग चार भाग, प्रत्येक भागाच्या चार फोडी. करंगळीच्या नखाएवढी जाडी. का, सांगा बघू?"

"का?"

"सगळ्या एकदम शिजाव्यात म्हणून. एक जाड, एक पातळ असली की एक कच्ची राहते आणि दुसरी विरघळते."

गुरुजी हसले. "चांगली शिकवतेस. कुणाकडून शिकलीस?"

"होते एक मास्तर. फार प्रश्न विचारायचे."

पातेल्यात दोन चमचे पाणी, त्यावर फोडी, झाकण आणि मंद आच. घड्याळात बघून आठ मिनिटं. मग मूठभर मनुका, चिमूटभर दालचिनी, आणि पुन्हा दोन मिनिटं झाकण. ताईने एकेक पायरी सांगितली, गुरुजींनी ती मान डोलावत केली. बशीत काढलेल्या फोडी सोनेरी झाल्या होत्या आणि त्यांच्यावरून वाफ निघत होती. गुरुजींनी एक तोंडात टाकली.

"जमलं की," ताई म्हणाली.

"तू शेजारी होतीस म्हणून," गुरुजी म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

तो रविवार होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ताईला हो किंवा नाही सांगायचं होतं.

ताई शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तपासणी खोलीत कामाला होती. रोज सकाळी शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून तिच्या टेबलावर यायचं. प्रत्येक बाटलीत औषधाचे थेंब टाकायचे, पाणी किती गुलाबी होतं ते रंगांच्या पट्टीशी ताडून बघायचं आणि नोंद करायची. एकवीस वर्षं ती हे करत होती. तिच्या हातांना कायम औषधी पाण्याचा वास असे, तो साबणानेही जात नसे. आता चार तासांच्या अंतरावर, डोंगरातल्या तलावाशेजारी नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं होतं. तिथल्या तपासणी खोलीची प्रमुख म्हणून साहेबांनी तिचं नाव सुचवलं होतं. राहायला दोन खोल्या, हाताखाली दोन माणसं. ती एकदा जाऊन बघूनही आली होती. खोलीत नव्या लाकडाचा वास होता, फळ्या रिकाम्या होत्या, आणि खिडकीतून अख्खा तलाव दिसत होता. येताना बसमध्ये तिने कुठल्या फळीवर कुठल्या बाटल्या ठेवायच्या ते सगळं मनात लावून टाकलं होतं.

आणि घरात गुरुजी होते. वय एकोणऐंशी, प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं नोकरी. चार हिवाळ्यांपूर्वी त्यांना छातीचं दुखणं झालं आणि ते कसेबसे वाचले. डॉक्टरांनी एका कागदावर हिवाळ्यात काय करायचं ते लिहून दिलं. उठल्यावर कोमट पाणी, खिडकीशी अर्धा तास ऊन, दहा खोल श्वास, घरातल्या घरात चाळीस फेऱ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. फळ रोज दोनदा, पण गार नको. गार फळाने त्यांना खोकला सुटायचा, म्हणून ते फळच टाळायचे. गुरुजींनी त्या कागदाचं लगेच वेळापत्रक केलं. पट्टीने रेघा मारून, तासांना क्रमांक देऊन स्वयंपाकघरात चिकटवलं. साडेदहाच्या फळाला त्यांनी 'छोटी सुट्टी' म्हटलं आणि चारच्या फळाला 'मोठी सुट्टी'.

तेव्हापासून हिवाळाभर ताई साडेदहाला आणि चारला सायकलवरून घरी यायची. जायला दहा मिनिटं, यायला दहा आणि मध्ये पंधरा. साहेब चांगले होते, त्यांनी कधी हरकत घेतली नाही. सफरचंद, नाशपती, कधी तव्यावर लोण्याच्या एवढ्याशा गोळ्यात परतलेली केळ्याची चकती. सकाळीच करून थर्मासमध्ये ठेवायचा प्रयोग तिने केला होता. गुरुजींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं. "हे आजाऱ्याचं खाणं झालं," ते म्हणाले. दुसऱ्या हिवाळ्यात ती दहा दिवस स्वतः तापाने पडली होती, तेव्हा त्यांनी फळाला हातही लावला नव्हता, आणि अकराव्या दिवशी त्यांना पुन्हा खोकला झाला होता. वेळापत्रक नीट पाळलं की मात्र गुरुजी ठणठणीत असायचे. चाळीसच्या पंचेचाळीस फेऱ्या घालायचे. बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, "गुरुजी शंभरी गाठणार." ताई हसून मान डोलवायची. मग जिना चढता चढता हिशेब मनात यायचा, की ते शंभरीचे होतील तेव्हा आपण सदुसष्टच्या असू. असं मनात आल्याची तिला लाज वाटायची आणि ती त्या दिवशी मनुका जरा जास्त घालायची.

त्यांना बरोबर न्यायचं, तर डॉक्टर म्हणाले होते, डोंगरातली दमट थंडी यांना एक महिनाही झेपणार नाही. भावाला फोन केला होता.

"तू जा की. मी तर म्हणतो जाच," भाऊ म्हणाला. "अशी संधी रोज येते का?"

"मग बाबा तुझ्याकडे येतील?"

"माझ्याकडे? अगं, तिसरा मजला, लिफ्ट बंद. आणि तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त असतो."

"मी जा, आणि मी आहे म्हणून निर्धास्त. दोन्ही एकदम कसं रे?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस," भाऊ म्हणाला, आणि त्याला दुसरा फोन आला.

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी मात्र हात पुढे केला. त्या शिवणकाम करायच्या. "दोन वेळचं जेवण आणि रात्रीची चौकशी माझ्याकडे लागली. पण साडेदहाला आणि चारला मी दुकानात असते गं, तेवढं मला नको सांगू."

म्हणजे ताई आणि तलाव यांच्यामध्ये आता फक्त दोन बशा फळ उरलं होतं. म्हणून ती रविवारची शिकवणी.

सोमवारी साडेदहाला ती घरी आली, तेव्हा गुरुजी बशी पुढे घेऊन बसले होते. "बघ बाई, काय झालंय."

फोडी कच्च्या होत्या. दोन-तीन फोडींना बिया तशाच होत्या.

"किती मिनिटं ठेवलंत?"

"घड्याळ बघायचं राहिलं."

"हरकत नाही. पहिलाच दिवस आहे." तिने फोडी पुन्हा आचेवर ठेवल्या.

मंगळवारी पाणी जास्त झालं होतं. सफरचंदाचं सूप झालं होतं. "मी दोन चमचे म्हणाले होते ना, बाबा?"

"मला वाटलं, दोन वाट्या." गुरुजी खाली बघत होते. "मला नाही जमायचं हे. म्हातारपणी डोक्यात शिरत नाही काही."

"शिरेल. उद्या पुन्हा करा."

बुधवारी जिन्यातच करपल्याचा वास आला. ताई दोन दोन पायऱ्या चढून वर आली. गॅस बंद होता. खिडकी उघडी होती, पडदा बाजूला बांधून ठेवलेला होता. गुरुजी दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते.

"जळालं," ते म्हणाले.

"भाजलं नाही ना कुठे? हात बघू."

"मला काही नाही झालं. तेच जळालं."

तिने पातेलं कचऱ्यात उपडं करायला उचललं आणि थांबली. ही तिची कामावरची सवय होती. एखाद्या बाटलीचा रंग विचित्र आला तर ती ओतून टाकायची नाही, आधी नीट बघायची. तिने चमच्याने एकेक फोड सोडवली आणि ताटात ओळीने मांडली. सोळा फोडी. खालची बाजू काळी, वरची सोनेरी. पहिली जेवढी काळी, तेवढीच सोळावी. बी एकही नव्हती. आणि ओट्यावर, वाटीत, मनुका धुऊन निथळत ठेवलेल्या होत्या.

तिने ती वाटी उचलून ताटाशेजारी ठेवली.

"बाबा, आज जळणार आहे हे मनुकांना कसं कळलं?"

"म्हणजे?"

"धुऊन ठेवल्या, पण पातेल्यात पडल्या नाहीत. वाचल्या बिचाऱ्या."

"घालायच्या विसरलो."

"बरं. आणि फोडी?"

"फोडींना काय झालं?"

"सगळ्या एकसारख्या आहेत. नवशिक्याच्या पातेल्यात अर्ध्या जळतात, अर्ध्या कच्च्या राहतात. या सगळ्या सारख्या जळाल्यात. शेजारी उभं राहून जाळल्यासारख्या."

गुरुजींनी आपल्या हातांकडे बघितलं. पंजे पालथे केले, पुन्हा सुलटे केले.

"हात ऐकत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "वाकड्या कापायच्या ठरवून बसलो होतो. पण सुरी धरली की तो आपला सरळच कापतो. सोमवारी तर कच्चं उतरवताना जिवावर आलं. इतकं चांगलं सफरचंद होतं."

ताईला हसू आलं, आणि ते तोंडावर यायच्या आत त्याचा राग झाला. "जाऊ नको म्हणायचं होतं ना सरळ! अन्न कशाला नासायचं?"

"कसं म्हणू? अडतीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन बसलोय. पोरीला शिकू द्या, पोरीला बाहेर पडू द्या. चहा थंड व्हायचा, पण हो म्हटल्याशिवाय उठायचो नाही. आणि आता स्वतःच्या मुलीला सांगू, बस घरात?"

"मग जा म्हणा."

गुरुजींनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली.

"ते येत नाही तोंडातून. रविवारपासून बघतोय. म्हटलं, आपण नापासच होऊ. म्हणजे कुणी काही म्हणायलाच नको. तुझ्या मनाला नको, माझ्या मनाला नको."

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. राग जेवढ्या लवकर आला होता तेवढाच लवकर ओसरत होता, आणि त्याच्या जागी काय येतंय ते तिला आवडत नव्हतं. तिनेही दुसरं काय केलं होतं? बाबा, मला जायचंय, हे साधं वाक्य तिने तरी कुठे उच्चारलं होतं? तिने परीक्षा मांडली होती. पास झाले तर जाऊ, नापास झाले तर राहू. सगळं सफरचंदावर सोपवून ती बाजूला उभी राहिली होती.

ते वाक्य आताही म्हणता आलं असतं. पण घड्याळात दहा पन्नास झाले होते. तिने नवं सफरचंद घेतलं, सोललं, कापलं, शिजवलं. मनुका घातल्या. गुरुजींनी खाल्लं आणि रोजच्यासारखं "छान आहे" म्हणाले. ती सायकलवर बसून परत गेली.

गुरुवारी गुरुजींनी सुरीला हात लावला नाही. सफरचंद तिनेच केलं.

शुक्रवारी सकाळी गुरुजी खिडकीशी उन्हात उभे राहून श्वास मोजत होते. ताईने बूट घातले. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. गुरुजींची पाठ तिच्याकडे होती.

"सहा," गुरुजी म्हणाले. "सात."

सातवर ते थांबले. छातीत भरलेला श्वास त्यांनी तसाच धरून ठेवला. ताईने नाडीवरचा हात काढला नाही.

"आठ," गुरुजी म्हणाले.

ती उठली आणि निघाली.

दहा वाजता साहेबांनी बोलावलं. "ताई, मुख्य कार्यालयाचा फोन येणार आहे. तुम्ही इथेच थांबा. फोन आला की तुमचं उत्तर लगेच सांगायचंय त्यांना."

ती साहेबांच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर बसली. साडेदहा वाजले. "साहेब, मी पटकन घरी जाऊन—"

"आत्ता येईल हो फोन. पाच मिनिटं."

अकरा वाजले. तिच्याजवळचा सोडून घरात दुसरा फोन नव्हता, आणि मावशी दुकानात असणार. सव्वाअकरा. ताईच्या डोळ्यांसमोर काही केल्या तलाव येईना. समोर यायची ती दाराजवळची खुर्ची, त्यात मांडीवर हात ठेवून बसलेला म्हातारा, आणि ओट्यावर तसंच पडलेलं गार सफरचंद. आज अडून बसले असतील. खाणार नाहीत. पाऊण तास उशीर झाला तर माणूस मरत नाही, हे तिला कळत होतं. पण पाऊण तासाच्या जागी पंधरा दिवस आणि मग वर्ष ठेवून बघितलं की ती स्टुलावरून उठायची आणि पुन्हा बसायची.

पावणेबाराला आतून साहेबांनी हाक मारली. फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात होता, त्यावर त्यांनी पंजा ठेवला होता. "हं, ताई?"

"नाही जमणार, साहेब."

"नीट विचार केलात ना?"

"आठवडाभर तोच केला."

साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी पंजा काढला आणि तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्यांचं नाव सांगितलं. मिशीवाले तिच्याहून सात वर्षांनी मागे होते, चांगले होते. पाच मिनिटांत त्यांनी घरी कळवलंसुद्धा. "बायको रडतेय हो," ते फोन छातीशी धरून सगळ्यांना सांगत होते. "आनंदाने रडतेय."

ताई घरी पोचली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दार उघडताच दालचिनीचा वास आला. गुरुजी ओट्याशी उभे होते. एका पातेल्यात गरम पाणी होतं, त्यावर बशी, बशीवर झाकण.

"बस," ते म्हणाले. "पावणेअकरापर्यंत वाट बघितली. मग म्हटलं, तिला काम असेल. केलं. मी खाल्लं, माझी बशी धुतली. हे तुझं. वाफेवर ठेवलंय, गार नाही झालं."

त्यांनी झाकण काढलं आणि बशी तिच्यापुढे ठेवली. स्वतः बसले नाहीत. शाळेतल्या मुलाने कविता म्हणायला उभं राहावं तसे सरळ उभे राहिले.

"आज जमलं. आणि दुसरंही जमतंय का बघतो." त्यांनी घसा साफ केला. "जा. तू जा तिकडे. मी करीन माझं."

ताईने चमचा उचलला होता. तो तिने खाली ठेवला.

"बाबा, ती जागा गेली. पावणेबाराला मी नाही म्हणून सांगितलं."

गुरुजी तसेच उभे होते. "पावणेबाराला," ते म्हणाले, "मी बशी धूत होतो."

"मला वाटलं, तुम्ही उपाशी बसला असाल."

"मी?"

"हो."

"फोन करून बघ. सांग, चूक झाली."

"मिशीवाल्यांना मिळाली. त्यांच्या घरी कळलंय."

गुरुजींनी ओट्याची कड धरली. मग हळूच खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. कुणीच कुणाला दोष दिला नाही. द्यायचा तर सुरुवात कुठून करायची हे दोघांनाही कळत नव्हतं.

"खा," ते म्हणाले. "निवेल."

ती खाऊ लागली. तिच्या हातच्यापेक्षा ते चांगलं झालं होतं. तिला नेहमी घाई असायची, ती दोन मिनिटं आधी उतरवायची. यात ती दोन मिनिटं होती.

"सोमवारपासून साडेदहाला येऊ नकोस," गुरुजी म्हणाले. "चारलाही नको."

"आता कशाला, बाबा? आता मी इथेच आहे."

"मला येतं ना आता. तुलाही माहीत आहे की येतं. मग मी कुठल्या तोंडाने वाट बघत बसू?"

ताईने बशीतली शेवटची फोड खाल्ली.

सोमवारी साडेदहाला ताईने खिशातली सायकलची किल्ली काढली, आणि मग पुन्हा आत ठेवली. बाटल्यांच्या नोंदी झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावर मिशीवाले खोक्यात आपलं सामान भरत होते. तिथे बघत बसणं बरं दिसेना, म्हणून ती बाहेर आली.

गाळणीच्या टाक्यांमागे भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर उन्हात सगळे बसले होते, पंपावरचा मेकॅनिक, व्हॉल्व फिरवणारे दोघे, टंकलेखन करणाऱ्या बाई आणि शिपाई. चहाची किटली मध्ये ठेवलेली. काहीतरी विनोद नुकताच संपला होता आणि सगळे हसत होते. तिला बघून हसणं जरा आवरलं.

"ताई, आज घरी नाही गेलात?" मेकॅनिकने विचारलं. "गुरुजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. स्वतःचं स्वतः करतात आता."

"मग बसा की."

पण बसायला जागा नव्हती. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. चार हिवाळ्यांत बाकावर तेवढीच माणसं मावतील असे ते बसायला शिकले होते. क्षणभर कुणालाच काय करावं सुचेना. मग टंकलेखनाच्या बाईंनी पदर आवरला, मेकॅनिकने पाय खाली घेतले, आणि बाकाच्या कडेला वीतभर जागा झाली.

ताई तिथे बसली. शिपायाने पेला भरून तिच्या हातात दिला. चहा गरम होता, तिने पेला दोन्ही हातांनी धरला. तिच्याजवळ अजून पंचवीस मिनिटं होती.